वंशवाद

वंशवाद : माणसांचे जन्मजात आणि कधीही न बदलणारे गट असतात, त्या गटांची बुद्धी व शील रक्तातच ठरलेले असते आणि म्हणून काहींनी राज्य करावे व काहींनी राबावे, असे मानणारी विचारसरणी, तसेच तिच्या आधारे उभे राहिलेले कायदे, संस्था आणि रोजचे वागणे. मराठीत यासाठी ‘वर्णद्वेष’ हा शब्द अधिक रुळला आहे, पण तो अपुरा पडतो. नोंदवहीतला एक रकाना इमानेइतबारे भरणाऱ्या कारकुनाच्या मनात कोणाविषयीही द्वेष नसू शकतो. अन्याय तरीही पुरा होतो.

वंश आधी होते आणि त्यांच्यातली तेढ मागून आली, असा सर्वसाधारण समज आहे. उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीचे कायदे क्रमाने वाचले की तो टिकत नाही. तेथे 1619 मध्ये पहिले आफ्रिकी गुलाम उतरवले गेले. तंबाखूच्या मळ्यांत सुरुवातीला युरोपातले करारबद्ध मजूर आणि आफ्रिकी माणसे शेजारी शेजारी राबत होती. इंग्रजी रूढीप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरे. 1662 च्या कायद्याने तो आईवरून ठरवला. मळेवाल्याला गुलाम स्त्रीपासून झालेले मूल त्यामुळे त्याचा वारस होईना, त्याची मालमत्ता झाले. बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही, हे 1667 मध्ये ठरले. 1676 च्या बेकनच्या बंडात गोरे मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले व जेम्सटाउन जाळले गेले. मळेवाल्यांनी याची धास्ती घेतली. 1705 च्या संहितेने गोऱ्या ख्रिस्ती नोकराला उघड्या अंगावर फटके मारायला न्यायाधीशाचा हुकूम आवश्यक केला आणि गुलामांची गणना स्थावर मालमत्तेत केली. ‘गोरा’ हा कायदेशीर दर्जा असा कलमाकलमाने घडत गेला. अटलांटिकच्या गुलामव्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली आणि जवळजवळ 18 लाख वाटेतच मेली. एवढ्या मोठ्या नफ्याला नैतिक आधार लागत होता. तो ‘नीच वंश’ या कल्पनेने पुरवला.

त्याच काळात दख्खनमध्ये काय चालले होते, हे मराठी वाचकाने आठवावे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, 1610 च्या सुमारास त्याने खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवली आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना झुंजवले. गुलामी येथेही होती आणि क्रूरही होती. पण काळ्या कातडीने माणसाची वर जायची वाट कायमची बंद केली नव्हती.

विज्ञानाने या कल्पनेला प्रतिष्ठा दिली ती अठराव्या शतकापासून. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1735 मध्ये माणसांचे खंडांनुसार चार प्रकार केले आणि 1758 च्या आवृत्तीत त्यांना स्वभावही चिकटवले. जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाखने 1795 मध्ये ‘कॉकेशियन’ हे नाव रूढ केले. अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टनने कवट्यांची पोकळी मोजून वंशांची उतरंड लावली.

कवट्या मोजण्याची ही गोष्ट पुण्यापर्यंत येते. ऑयगेन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाने 1908 मध्ये जर्मनीच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत (आजचा नामिबिया) मिश्र संततीचा अभ्यास केला आणि वंशमिश्रणाविरुद्ध निष्कर्ष काढले. त्या भूमीत 1904 ते 1908 या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता, आणि मृतांची मस्तके अभ्यासासाठी जर्मनीत पाठवली जात होती. 1927 मध्ये फिशर बर्लिनच्या मानवशास्त्र, आनुवंशिकी व सुप्रजननशास्त्राच्या नव्या संस्थेचा संचालक झाला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या इरावती कर्वे तेथे पीएच.डी.साठी दाखल झाल्या. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांना दिलेला विषय होता कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतली असमानता. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी उजवीकडे अधिक वाढलेली असते आणि त्याच्या तर्कशक्तीचे मूळ त्यात आहे, असे फिशरचे गृहीतक होते. संग्रहातली एकेक कवटी हातात घेऊन इरावतीबाईंनी मापे घेतली. असमानता सगळीकडे सापडली, पण तिचा वंशाशी संबंध सापडला नाही. विशीतल्या, परक्या देशातल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध तो निष्कर्ष तसाच मांडला. याला लागणारे धैर्य मोठेच म्हणायला हवे. काही वर्षांत ती संस्था नाझी वंशधोरणाचा आधार झाली आणि ऑशविट्झच्या छळछावणीतून तेथे मानवी अवयवांचे नमुने येऊ लागले.

भारतात हेच माप नाकाला लावले गेले. हर्बर्ट रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे सूत्र मांडले; 1901 ची जनगणनाही त्याच्याच देखरेखीखाली झाली. मालवणात जन्मलेल्या घुर्यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की उत्तर हिंदुस्थानाबाहेर हे सूत्र लागू पडत नाही. डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये असल्याच मापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा युक्तिवाद केला. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांचे मत ठाम होते. तरीही दोन्ही दुःखांमधले साम्य महाराष्ट्राने लवकर ओळखले. फुल्यांनी 1873 ची ‘गुलामगिरी’ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे.

विसाव्या शतकात वंशवाद उघडपणे राज्याचे धोरण झाला. जर्मनीच्या 1935 च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांआधी तिथल्या विधिज्ञांनी अमेरिकी राज्यांचे विवाहबंदीचे कायदे अभ्यासले होते. पुढे सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या झाली. दक्षिण आफ्रिकेने 1950 मध्ये प्रत्येक नागरिकाचा वंश सरकारदरबारी नोंदवायला सुरुवात केली. शंका आली की केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती खाली पडली तर माणूस गोरा, अडकली तर नव्हे. एकाच घरातली भावंडे यामुळे वेगळ्या वर्गांत पडू शकत. वर्णभेदाची ही राजवट 1994 मध्ये संपली. दरम्यान 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने दाखवले की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के एकाच लोकसमूहाच्या आत असतात. ‘वंश’ या शब्दाचा जैविक आधार त्यामुळे जवळजवळ गळून पडला.

आज कायद्याच्या पुस्तकांतून बहुतेक ठिकाणी वंश गेला आहे. जुने निर्णय मात्र चालूच आहेत. अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून त्या कर्जाला जोखमीच्या ठरवल्या गेल्या. ज्यांना तेव्हा घर घेता आले नाही, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला घर आले नाही. कोरोनाच्या काळात आपण घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर हे आणखी एक उदाहरण. तो कातडीतून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजतो. 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेला असताना यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्र बनवणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. काळे बोट पुरेसे तपासले गेले नव्हते, एवढेच. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या संगणकप्रणालींतही 2018 मध्ये असाच दोष सापडला : चुका सर्वाधिक झाल्या त्या काळ्या स्त्रियांच्या बाबतीत.

भारतही यातून सुटलेला नाही. दिल्लीत 2014 मध्ये अरुणाचलच्या एका तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ईशान्येकडील नागरिकांच्या तक्रारींसाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली. आफ्रिकी विद्यार्थ्यांवर 2017 मध्ये ग्रेटर नोएडात हल्ले झाले. ‘चिंकी’, ‘काळ्या’ या हाका आणि विवाहाच्या जाहिरातींतली ‘गोरी’ ही अट आपल्या ओळखीची आहे.

नामिबियातून नेलेल्या 20 कवट्या बर्लिनच्या रुग्णालयाने 2011 मध्ये परत केल्या. पुढे 2014 आणि 2018 मध्ये आणखी अवशेष गेले. जर्मनीने 2021 मध्ये त्या हत्याकांडाला वंशसंहार म्हटले. पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या शेकडो कवट्या 2023 मध्येही बर्लिनच्या संग्रहात होत्या, आणि त्या कोणाच्या याचा शोध वंशजांच्या मदतीने घेतला जात होता.