गावखर्च, सादिलवार आणि दरबारखर्च

पेशवाईत गावचा कुलकर्णी ज्या कागदावर वसुलाचा हिशेब लिही, त्या कागदाचे मोल कोण देत असे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसला तरी त्याच्या उत्तरात त्या काळच्या महसुली कारभाराची बरीच कळ दडलेली आहे. कागद, शाई, बोरू, दफ्तर बांधावयाचे रुमाल आणि दिव्याचे तेल ही किरकोळ कलमे गावखर्चात पडत. ज्या खर्चाचा अजमास आधी बांधता येत नसे तो सादिलवार म्हणून लिहिला जाई, आणि त्याचा भार अखेरीस पट्टीच्या रूपाने रयतेवरच येई. देवळाचा दिवा आणि गोसावी-फकिरांचा शिधाही याच हिशेबात असल्यामुळे, कुलकर्ण्याचे तेल कोणते आणि देवाचे कोणते, हे पाहणाऱ्याने पाहावे!

महालाच्या, म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाच्या, पातळीवर मात्र प्रकरण गंभीर होते. मामलेदारावर नजर ठेवण्यासाठी मजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरकदार सरकारातून नेमलेले असत. तरीही पुण्याच्या मुत्सद्द्यांना आणि हिशेबनिसांना पोचवावयाची रक्कम दरबारखर्च या नावाने वसूल होत असे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा इंग्रज कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात नोंदविले आहे की, मुळात लाच असलेली ही रक्कम हळूहळू ठरीव हक्क बनून उघडपणे हिशेबात मंजूर होऊ लागली, आणि लाच देण्याची गरज तरीही उरल्यामुळे तिच्यासाठी आणखी निराळी वसुली सुरू झाली. तपासनीस या नाजूक बाबीत फार खोल शिरत नसल्याने मामलेदार वरिष्ठांपेक्षा स्वतःसाठीच अधिक गोळा करी. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देण्यास आरंभ केल्यावर तर हिशेब तपासण्याचे कारणच फारसे उरले नाही.

इंग्रजी अमलात १८६९ च्या कायद्याने सारेपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक निधीसाठी घेण्यात येऊ लागला, आणि १८८४ साली लोकल बोर्डे स्थापण्याचा कायदा झाला; रस्ते, शाळा, धर्मशाळा यांचा खर्च अशा रीतीने गावकीच्या वहीतून निघून जिल्ह्याच्या खजिन्यात गेला. १९६२ साली आलेल्या जिल्हा परिषदांच्या शाळांतून खडू-हजेरीपटासाठी मिळणाऱ्या रकमेस सादिल हेच नाव राहिले, आणि ती हाती पडेपर्यंत खडू पुष्कळदा गुरुजींनी पदरमोड करूनच आणलेले असतात.