जुन्नरच्या डोंगरांतील यवन

भूमध्य समुद्राकाठचे रोमन अवशेष पाहायला निघालेला मराठी प्रवासी हल्ली नेपल्सजवळच्या पाँपेईपर्यंत सहज पोहोचतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या या नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या असून, ही कारागिरी दख्खनची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ती ज्या व्यापारातून तिकडे गेली, त्याचे अलीकडचे टोक पाहायचे असेल, तर पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरवरील जुन्नर गाठावे.

कल्याण व सोपारा या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा सातवाहनकालीन मार्ग नाणेघाटातून चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे व कार्षापणांची संख्या त्यात अंकांसह नोंदलेली आहे. राजपरिवाराच्या प्रतिमांची मात्र केवळ पावले व वर कोरलेली नावे उरली आहेत. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. तसे सांगणारा लेख तेथे नाही; पण कथा इतकी चपखल आहे की ती पुसली जाणे कठीण.

जुन्नरचे खरे वैभव त्याच्या सभोवतालच्या डोंगरांत आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी व तुळजा येथील लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली असून, त्यांतील तिघे स्वतःला ‘यवन’ म्हणवितात. मानमोडीच्या भूतलेण्यातील चैत्यगृहाचे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाचे दान आहे. शिवनेरीवर चिट याने भिक्खुसंघासाठी भोजनमंडप दिला, तर इरिलाने पाण्याची दोन टाकी. यवन हा शब्द मूळ ग्रीकांचा. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही तो लागू झाला. त्यामुळे हे तिघे अलेक्झांड्रियाचे व्यापारी होते की येथेच पिढ्यान्‌पिढ्या वसलेले, हे लेखांवरून ठरत नाही. चिट व इरिल स्वतःला ‘गत’ म्हणवितात; त्याचा संबंध गॉथ लोकांशी जोडण्याचाही प्रयत्न झाला, पण तो वादग्रस्त आहे. लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, आणि दान अगदी येथल्या रिवाजाप्रमाणे. शेजारच्या लेखांत बुरूड, कासार व धान्यविक्रेते यांच्या श्रेणी भेटतात. त्याच समाजात हे परदेशी मिसळले होते.

उलट दिशेचा पुरावाही आता हाती आहे. इजिप्तमधील तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. याच बंदरातून भारतीय माल वाळवंट ओलांडून नाईलकडे व तेथून अलेक्झांड्रियाला जात असे.

पुण्याहून आंबेगाव तालुक्यातील मंचर ओलांडून नारायणगावमार्गे जुन्नरला जाता येते. लेण्याद्रीला गणपतीमुळे गर्दी असते. मानमोडीवर क्वचितच कोणी फिरकते, म्हणून स्थानिक वाटाड्या घ्यावा. आग्या मोहोळांमुळे धूर व अत्तरे टाळावीत. लेख तिरप्या उन्हात, सकाळी वा सायंकाळी पाहावेत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरण्याचा मोह मात्र आवरावा. चंदाचे नाव दोन हजार वर्षांच्या पावसाने आधीच पुरेसे झिजविले आहे.