रिबाउंड नेट घेताय? आधी चेंडू, मुलं आणि मैदान मोजा

बेळगाव : शाळा-क्लबांच्या क्रीडासाहित्याच्या यादीत अलीकडे रिबाउंड नेट दिसू लागलं आहे. लोखंडी चौकटीत ताणून बसवलेली जाळी, चेंडू मारला की परत येतो. जोडीदार नसला तरी झेल आणि पासिंगचा सराव होतो. पण दुकानात विचारलं की ‘मोठंच घ्या, सगळ्यांना चालतं’ असा सल्ला मिळतो. पैसे वाया जातात ते इथेच.

एका शाळेने फुटबॉलसाठीचं मोठं नेट घेतलं आणि त्यावरच क्रिकेटचे झेल सुरू केले. लेदर बॉल जाळीच्या भोकांतून सरळ पलीकडे! मी पाहिलं तेव्हा ते नेट स्टेजमागे धूळ खात पडलं होतं.

चेंडूवरून जाळी ठरते

क्रिकेटच्या लेदर बॉलचा परीघ २२.४ ते २२.९ सेंमी, म्हणजे व्यास साधारण ७ सेंमी. पाच नंबरच्या फुटबॉलचा परीघ ६८ ते ७० सेंमी, व्यास साधारण २२ सेंमी. जाळीचं भोक चेंडूच्या व्यासाच्या निम्म्याहून लहान असावं, हा सोपा हिशेब. क्रिकेट आणि हॉकीसाठी ३ सेंमीच्या आसपास, फुटबॉलला १० सेंमीपर्यंत चालतं. भोक मोठं असेल तर चेंडू आत रुततो आणि उसळी मरते. दोन्ही खेळ एकाच नेटवर घ्यायचे असतील तर बारीक जाळीच घ्या.

चौकट किती मोठी?

३ बाय ३ फुटांचं नेट जवळून झेल घ्यायला आणि नेम पक्का असलेल्या खेळाडूंना पुरतं. शाळकरी मुलांसाठी ४ बाय ४ किंवा ६ बाय ४ फूट बरं. ७ बाय ७ फुटांचं नेट लांबून जोरात मारण्याच्या सरावासाठी. फुटबॉलचा पास जमिनीलगत जातो, तिथे उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची. झेलाच्या सरावाला नेट थोडं मागे कलतं करता आलं पाहिजे, म्हणजे चेंडू वर उडून येतो.

विकत घेण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा घ्या. भिंतीवर खडूने तेवढ्याच मापाची चौकट आखा. ज्या अंतरावरून सराव होणार तिथून मुलांना प्रत्येकी २० चेंडू मारू द्या. बहुतेक मुलांचे १५ तरी आत बसले तर माप योग्य. ८-१० च बसत असतील तर मुलांचा निम्मा वेळ चेंडू आणण्यातच जाणार. अशा वेळी एक माप मोठं घ्या किंवा अंतर कमी करा.

एक मोठं की दोन मध्यम?

हिशेब करून बघा. पीटीचा तास ४० मिनिटांचा, मुलं २४. नेट एकच असेल तर एकेकाच्या वाट्याला १ मिनिट ४० सेकंद. बाकी वेळ रांगेत. दोन नेट असतील तर ३ मिनिटं २० सेकंद. म्हणून एका मोठ्या नेटच्या पैशात दोन मध्यम येत असतील तर शाळेने दोनच घ्यावेत. क्लबचे मोजके, मोठ्या वयाचे खेळाडू असतील तर मात्र मोठं नेट परवडतं.

जागा आणि पक्कं बसवणं

चुकलेला चेंडू रस्त्यावर जाऊ नये म्हणून नेटमागे भिंत किंवा कुंपण हवं. नेट जितकं मोठं तितका वारा जास्त धरतं. उन्हाळ्यात आपल्याकडची लाल माती दगडासारखी होते, खुंट्या आत जात नाहीत. पावसाळ्यात तीच माती सैल पडते. त्यामुळे खुंट्या असल्या तरी मागच्या पायांवर वाळूची पोती ठेवाच. चौकट पोरांच्या अंगावर पडली तर गंभीर दुखापत होऊ शकते. नेटवर कुणाला चढू देऊ नका.

जाळी ताणणारी रबरी दोरी उन्हात लवकर सैल होते. ती सुटी मिळते का, हे घेतानाच विचारा. सराव संपला की नेट सावलीत ठेवा.

आणि दुकानात जाताना पिशवीत मोजपट्टीबरोबर आपला चेंडूही न्या. तिथेच मारून बघा. चेंडू सरळ आणि जोमाने परत आला, तरच पावती करा.