डिलाईल रोडची पगारचिठ्ठी आणि गावाकडचा दुष्काळ

१/ डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. गिरण्या, १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळी, आणि कोकण, सातारा, कोल्हापूरकडून आलेला कामगार. प्रत्यक्ष कराचा भार या कामगारावर किती आणि श्रीमंतावर किती? हा धागा त्याविषयी.

२/ १९२१-२२ मध्ये सरकारच्या कामगार कार्यालयाने मुंबईतील कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न भरले सुमारे ५२ रुपये, म्हणजे वर्षाचे सव्वासहाशे. प्राप्तिकर त्या वेळी वार्षिक २,००० रुपयांपासून सुरू होई. चाळीतील कुटुंब त्यातून सुटले होते. मिठावरील करातून मात्र नाही. १९२३ मध्ये तो मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर गेला.

३/ स्वातंत्र्यानंतर प्राप्तिकराची चढण अधिकच तीव्र झाली. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अधिभारासह त्याचा सर्वोच्च दर शेकडा ९७.७५ पर्यंत पोहोचला होता.

४/ त्याच काळात, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मनीऑर्डर जात असे त्या गावांतली माणसे खडी फोडू लागली, पाझर तलाव खोदू लागली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना साकारली.

५/ पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. तो मालकाने पगारातूनच कापावयाचा. पुढे रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला; करातून जमेल तितकीच रक्कम राज्याने स्वतःचीही घालावी, अशी त्यात तरतूद होती. शहराच्या पगारातून गावाला मजुरी, असा हा व्यवहार होता.

६/ परंतु या कराला घटनेच्या २७६व्या कलमाने छत घातले होते: माणशी वर्षाला २५० रुपये. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ते २,५०० झाले. छत आले की चढण संपते.

७/ आजचा हिशेब पाहा. महिना १५,००० मिळवणारा पुरुष वर्षाला २,५०० रुपये भरतो. दीड लाख मिळवणाराही तेवढेच. पहिल्याच्या उत्पन्नाचा हा शेकडा १.४ भाग, दुसऱ्याच्या ०.१४. भार दहापट. (२०२३ पासून २५,००० पर्यंत मासिक वेतन असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे.)

८/ प्रत्यक्ष कर श्रीमंतांना अधिक जाचतो, हे विधान म्हणूनच सरसकट खरे नाही. प्राप्तिकर उत्पन्नाबरोबर चढतो, व्यवसाय कर मध्येच थांबतो. आणि तरीही याच करातून उभ्या राहिलेल्या योजनेने दुष्काळी मजुराला कामाचा कायदेशीर हक्क दिला. २००५चा राष्ट्रीय कायदा त्याच वाटेने पुढे गेला. घरातली जुनी पगारचिठ्ठी सापडली, तर व्यवसाय कराची ती ओळ अवश्य शोधा.