चाकरींतील जामीनकी व नोकरीपूर्वींची चौकशी

अंबड म्हटलें म्हणजे आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस जालना जिल्ह्यांतील मत्स्योदरी देवीचें अंबड आठवेल. प्रस्तुत लेखास जें निमित्त झालें तें अंबड तें नव्हे. हें नाशिक शहराच्या कडेचें, पांडव लेण्यांच्या डोंगरापासून फारसें दूर नसलेलें एक जुनें खेडें असून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळें त्याचें नांव आज कारखान्यांशीं जोडलें गेलें आहे. गेल्या वर्षीं शेजारच्या एका तरुणानें तेथील एका कारखान्याचा छापील अर्ज भरून घेण्याकरितां आमच्याकडे आणला. नांव, गांव, शिक्षण हे रकाने झाल्यावर पुढें वडिलांचा व्यवसाय, जात, विवाह झाला आहे काय, नसल्यास केव्हां होणार, घरांत कोणास जुनाट आजार आहे काय, मागील नोकरी कां सोडली, पोलिसांत कधीं नांव गेलें होतें काय, आणि शेवटीं नातेवाईक नसलेल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांचीं नांवें, असे प्रश्न होते. "काका, आईच्या आजाराचा रकाना कोरा ठेवला तर चालेल का?" असें त्यानें विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मात्र शेवटचा रकाना पाहून आमच्या दप्तरांतील एका जातीचे कागद एकदम डोळ्यांपुढें आले, आणि त्यांविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

ते कागद म्हणजे जामीनकतबे. जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांस ते ठाऊक आहेत, परंतु त्यांचा आदर कोणी करीत नाहीं. सनदा, वतनपत्रें, महजर व निवाडे प्रथम उचलले जातात. कतबे रुमालाच्या तळाशीं राहतात. कतब्याचा थाट ठराविक असतो. अमुक सनांत अमक्यास अमक्यानें कतबा लिहून दिल्हा ऐसा जे, इतकें झाल्यावर फलाणा इसम चाकरीस ठेविला आहे, त्यास मी जामीन आहें, तो पळून गेल्यास हजर करीन, त्याजकडून नुकसान झाल्यास भरून देईन, अशा आशयाचा करार येतो. खालीं साक्षी व लिहिणाराचें बिकलम. जामीन कुणबी असल्यास सहीऐवजीं नांगराची निशाणी, न्हावी असल्यास आरशाची. त्या निशाण्यांकडे पाहात बसलें असतां चाकरी करणाऱ्या साध्या माणसांचा एक वेगळाच इतिहास उलगडतो, आणि तो सनदांत सांपडत नाहीं.

मोल्सवर्थच्या कोशांत जामिनाचे जे भेद नोंदले आहेत त्यांवरून हा व्यवहार किती बारकाईनें रूढ झाला होता हें दिसतें. माणूस हजर करण्यापुरता तो हाजीरजामीन, पैशाबद्दल तो मालजामीन, वर्तनाबद्दल तो फैलजामीन, आणि जामिनाचाही जामीन तो आडजामीन. यांतील शेवटचे दोन प्रकार केवळ नोकरचाकरांपुरते नव्हते. १८०७ सालीं गायकवाडांच्या फौजेसह काठेवाडांत गेलेल्या कर्नल वॉकरनें तेथील संस्थानिकांकडून फैलजामीन व आडजामीन घेतले, हें प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या कागदावर एखाद्या शिपायाची चाकरी टिकत असे, त्याच जातीच्या कागदावर एका प्रांताची शांतता टेकविण्यांत आली.

शिवाजी महाराजांच्या फौजेंत हा नियम किती कडक होता याविषयीं ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत लिहिलें आहे. नवा माणूस भरती होतांना महाराज स्वतः त्यास पाहात, आणि तो ओळखीचा नसल्यास आधींच चाकरींत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत. अशा रीतीनें फौजेंतील जवळजवळ प्रत्येक माणूस कोणा ना कोणा सोबत्याबद्दल जबाबदार होई. इथपर्यंत डफचें म्हणणें ग्राह्य आहे. पुढें तो म्हणतो कीं ही जबाबदारी टाळणें सोपें असल्यामुळें बहुधा हें बंधन नांवापुरतेंच असावें. हें मत आम्हांस घाईचें वाटतें. जामीन हा बाहेरचा सावकार नव्हता; तो त्याच फौजेंत, त्याच सरदाराच्या हाताखालीं पगार खात होता. पळून गेलेला शिपाई सांपडो वा न सांपडो, जामिनाचें वेतन धन्याच्या हातींच होतें, आणि त्याचें घर व शेत बहुधा त्याच मुलुखांत होतें. जबाबदारी टाळणें जामीन झालेल्यास सोपें नव्हतें. सोपें होतें तें पळणाऱ्यास. शिवाय डफनेंच पुढें नमूद केलें आहे कीं जामिनाचा आग्रह महाराजांच्या आज्ञांतून कधीं सुटला नाहीं. केवळ नांवापुरत्या गोष्टीचा इतका आग्रह कोणताही शहाणा राज्यकर्ता धरीत नाहीं.

सभासदाच्या बखरींत या विश्वासाची दुसरी बाजू दिसते. एकेका किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे अधिकारी एकमेकांस तोलून ठेवले होते, आणि त्यांच्या जाती निरनिराळ्या असत, म्हणजे एकाच्या मसलतीनें किल्ला शत्रूच्या हातीं जाऊं नये. मुलुखगिरीस निघतांना शिपायाजवळील चीजवस्तूची यादी होई व परत आल्यावर झडती. येथें चौकशी नोकरीच्या उंबरठ्यावर संपत नाहीं, ती चाकरीबरोबर चालते. आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं किल्लेदारींतील माणसें स्वामीनें स्वतः पारखून, कबिलेदार व इमानी पाहून ठेवावीं असें सांगितलें आहे. कबिलेदार या एका शब्दांत बराच अर्थ भरला आहे. अंबडच्या अर्जांतील "विवाह झाला आहे काय" हा प्रश्न पाहतांना आम्हांस तोच शब्द आठवला. फरक इतकाच कीं अमात्यांस कुटुंबवत्सल माणूस हवा होता, कारण ज्याचें बिऱ्हाड आहे तो सहसा दगा देऊन पळत नाहीं. आजच्या कारखानदारास बहुधा उलट भीति वाटते. लग्न झालें कीं रजा वाढतील, मुलगी असल्यास बाळंतपण येईल, असा तो हिशेब असतो.

पारखण्याचा विषय निघाला म्हणून कौटिल्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील उपधा, म्हणजे धर्म, अर्थ, काम व भय या चार मार्गांनीं अमात्याच्या शुद्धतेची गुप्त परीक्षा, सर्वांस माहीत झाली आहे. परंतु तीच परीक्षा सांगून झाल्यावर कौटिल्य स्वतःचें मत वेगळें देतो, याकडे सहसा लक्ष जात नाहीं. राजानें या परीक्षेचें लक्ष्य म्हणून स्वतःस किंवा राणीस कधींही पुढें करूं नये, आणि जो बिघडलेला नाहीं त्यास परीक्षेनें बिघडवूं नये, पाण्यांत विष कालविल्यासारखें तें होईल, असा त्याचा इशारा आहे. अत्यंत संशयी म्हणून गाजलेल्या लेखकानेंच प्रश्नांस मर्यादा घातली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

जामीनकीच्या उगमाचा शोध घेऊं लागलें तर अंबडच्या शेजारच्या डोंगरांतच एक कागद, नव्हे शिलालेख, उभा आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें ४२ व्या वर्षीं पांडव लेण्यांतील भिक्षूंकरितां ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेविली. त्यांपैकीं २,००० गोवर्धन येथील कोलिकांच्या म्हणजे विणकरांच्या एका निकायाकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि १,००० दुसऱ्या कोलिक निकायाकडे पाऊण व्याजानें दिले. हा व्यवहार निगमसभेंत जाहीर करून फलकावर नोंदला गेला. उषवदातानें कोणा विणकराचें घर, कुल वा आजार विचारला नाहीं. त्याला पुरेसा होता निकाय, कारण देणें निकायाचें होतें. एकेकट्या माणसाची चौकशी जेथें टळते तेथें बहुधा त्याच्यामागें उभी राहणारी मंडळी असते, आणि जेथें ती मंडळी नाहीं तेथें माणसाची छाननी वाढते, असा आमचा तर्क आहे. पुढील उदाहरणांवरून तो पडताळतां येईल.

इंग्रजी अमलांत ही मंडळी दुबळी झाली. रोखीच्या कामावरील कारकुनानें जामीन देण्याचा नियम सरकारी खात्यांत टिकून राहिला खरा, पण गडीमाणसांकरितां साहेबाची चिठी, आणि शिकलेल्यांकरितां चारित्र्याचा दाखला, हीं साधनें प्रचारांत आलीं. चिठी देणारा कशासही जबाबदार नसे. त्याच सुमारास सरकारनें एक असें पाऊल टाकलें कीं चौकशीची गरजच उरली नाहीं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें, व १९११ नंतर मुंबई इलाख्यांतही, कित्येक जमातींतील माणूस जन्मतःच संशयित ठरला. सोलापूरच्या वसाहतींत अशा लोकांस कुंपणांत ठेवून गिरण्यांत कामास लावण्यांत येई. त्यांना जामीन मिळत नव्हता असें नव्हे. त्यांना जामीन विचारण्याचेंच कारण सरकारला वाटलें नाहीं. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. महारांची कथा याहून निराळी पण तितकीच कडू आहे. ज्यांच्या पूर्वजांनीं कंपनी सरकारच्या पलटणींत चाकरी केली त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, आणि गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं अर्ज करून त्या चाकरीची आठवण सरकारास करून दिली. येथें पूर्वसेवेचा पुरावा असूनही जातीच्या रकान्यापुढें तो चालला नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांत चौकशीचें काम जॉबराकडे होतें. गांव, नातें, ओळख आणि दस्तुरी यांवर भरती चाले. जॉबर एका अर्थीं जुना जामीनच, परंतु उलटलेला. जुना जामीन धन्यास उत्तर देई, जॉबर मजुरांकडून वसूल करी. विणकाम खात्यांत अस्पृश्य मानलेल्यांस घेत नसत, कारण धोट्यांतील धागा तोंडानें ओढावा लागे. जातीचा प्रश्न तेथें अर्जावर छापलेला नसून खात्याच्या दारावरच लिहिलेला होता, आणि डॉ. आंबेडकरांनीं १९२८-२९ च्या संपांच्या काळांत तो उघड वादास आणला. शाही मजूर आयोगानें १९३१ च्या अहवालांत जॉबराच्या हातची भरती काढून घेण्याची शिफारस केली, आणि १९३५ सालीं गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांस पास देण्याची योजना सुरू केली. पास आला व ओळख मागें पडली. म्हणजे माणसाऐवजीं कागद साक्षीदार झाला. आमच्या मतें जुन्या जामीनकीचा खरा अंत येथें झाला.

नाशिकच्या भागांत या नव्या रीतीचा पहिला मोठा अनुभव नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसनें दिला असावा. स्टँप व नोटा छापणाऱ्या १९२५ नंतरच्या या कारखान्यांतील माणसांची कसून चौकशी होणें स्वाभाविकच होतें. तेथें प्रश्नाला कारण आहे, आणि कारण असलेला प्रश्न सहन होतो. अंबडच्या वसाहतींत मात्र बल्बचा दिवा जोडणारा, ट्रक लादणारा व दारावर उभा राहणारा, सर्वांपुढें एकच अर्ज येतो. शिवाय पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला कंत्राटी कामगारांकडूनही मागितला जातो. ठेकेदारामार्फत येणारा परप्रांतीय मजूर आपलें गांव येथून शेंकडों कोसांवर असतांना तो दाखला कसा मिळवितो, हें त्यानेंच सांगावें.

न्यायालयांनीं या प्रश्नांस कोठें कोठें आडकाठी घातली आहे. आयुर्विमा महामंडळानें नोकरीस येणाऱ्या स्त्रियांस मासिक पाळी व गर्भधारणा यांविषयीं विचारलेले रकाने सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं अपमानकारक ठरविले व ते काढून टाकण्यास सांगितलें. मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं, काम करण्यास समर्थ असलेल्या मजुरास एच.आय.व्ही. झाला म्हणून नोकरी नाकारतां येत नाहीं असा निवाडा दिला. त्या निवाड्यांत पक्षकारांचीं नांवें लपवून केवळ अक्षरें वापरलीं आहेत. पुढील काळच्या इतिहास-संशोधकास हा दस्त सांपडला तर तो कोणाचा हें त्यास कळणार नाहीं, आणि हें प्रथमच कोणाच्या तरी हिताचें असेल! २०१७ च्या कायद्यानें या रोगाची तपासणी नोकरीची अट म्हणून करण्यास मनाई केली. गुन्ह्याच्या रकान्याबाबत २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, माहिती दडविल्याचा परिणाम पदाच्या स्वरूपाप्रमाणें पाहावा, सरसकट काढून टाकणें योग्य नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला. अंबडच्या अर्जाचे रकाने त्यानंतरही आम्हीं पाहिले आहेत.

आईच्या आजाराचा रकाना त्या तरुणानें अखेर कोरा ठेवला. मुलाखतींत तो तोंडीं विचारण्यात आला व त्यानें सांगितलें. दोन प्रतिष्ठित गृहस्थांपैकीं एक म्हणून आमचें नांव त्यानें लिहिलें होतें. आम्ही कतब्यावर साक्ष घालणाऱ्यांच्या थाटांत सज्ज होऊन बसलों होतों. आजपर्यंत आम्हांस कोणीं विचारलें नाहीं, आणि तो पळून गेला असता तर आमच्याकडून कोणीं कांहीं वसूलही केलें नसतें.

ज्या संग्राहकांच्या रुमालांत चाकरीचे जामीनकतबे, मग ते शिपायाचे असोत, पागेच्या मोतद्दाराचे असोत किंवा घरगड्याचे, पडून असतील, त्यांनीं ते वेगळे काढून शक, सन, जामिनाचें नातें व निशाणी यांसह त्यांच्या नकला कराव्या. नांवें महत्त्वाचीं नाहींत असें समजून ती गाळूं नयेत. जामीन धनी होता, भाऊबंद होता कीं गांवकरी होता, हें त्या नांवांवरूनच कळणार आहे.