स्लो सेटिंगचा अलिखित इतिहास

१९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि ब्रिटनमधल्या रेडिचची बुलेट भारतात जुळू लागली. जुन्या बुलेटवर अमलचा मोनोब्लॉक कार्ब्युरेटर असे. त्यावर बाहेरून फिरवायचे स्क्रू दोनच: एक इंजिनाचा वेग राखणारा, दुसरा हवेचा. गाडी स्लोला बंद पडू लागली की फिटर आधी इंजिन गरम करी. मग हवेचा स्क्रू फिरवत ठोके कुठे जलद आणि एकसारखे पडतात ते ऐके आणि तिथे थांबून वेग उतरवी. स्क्रू फिरवूनही ठोक्यात फरक पडला नाही, तर पायलट जेटमध्ये कचरा, नाहीतर जोडावरून हवा ओढली जात असे.

माहितीपुस्तिकेत स्क्रूची जागा सापडे. ठोका कसा ऐकायचा, हे मात्र उस्तादाकडून पोऱ्याकडे जाई. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष आले, नव्या मोटारसायकलींवर इंधन-इंजेक्शन बसले. धूर कमी झाला, हे चांगलेच. पण यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण कारखान्यांची नि मॉडेलांची नोंद ठेवतो, या कानांची नाही. जुने फिटर आहेत तोवर त्यांच्या मुलाखती नोंदवायला हव्यात. गाड्या संग्रहालयात टिकतील. त्यांना स्लोला चालती ठेवणारी विद्या तिथे आपोआप पोहोचणार नाही.