वरळी, मालाड आणि कॅम्प नंबर एक : मध्यम लहरींच्या मनोऱ्याची कुळकथा

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्ये ज्या रेडिओ केंद्राला दोन-तीन पिढ्यांनी आपले केंद्र मानले, त्याचा स्टुडिओ उल्हासनगरात नव्हता आणि मनोराही नव्हता. ते मुंबईचे आकाशवाणी केंद्र होते. त्याचे निवेदक चर्चगेटजवळच्या इमारतीत बोलत आणि त्यांचा आवाज मालाडच्या पश्चिमेस, मालवणी-मार्वेच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपित होत असे. मालाडचा हा परिसर आणि शहाड स्थानकालगतचा कॅम्प नंबर एक यांच्यातील सरळ अंतर पस्तीस ते चाळीस किलोमीटर भरते, आणि मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर व उल्हास नदीची खाडी आहे. तरीही ते केंद्र दिवसाच्या कोणत्याही वेळी स्पष्ट ऐकू येत असे. रेडिओ केंद्र कोणत्या वस्तीचे स्थानिक केंद्र ठरेल हे मनोरा, त्याच्या पायाखालची जमीन आणि लहरीची लांबी यांवर अवलंबून असते. या प्रक्षेपणतंत्राची वंशावळ म्हणूनच वरळीच्या जुन्या प्रक्षेपकापासून तपासावी लागते.

मुंबईत ध्वनिप्रक्षेपणाचा पहिला नोंदलेला प्रयोग ऑगस्ट १९२१ मध्ये झाला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून 'टाइम्स ऑफ इंडिया'ने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नरांनी तो पुण्यात ऐकला. जून १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने हौशी कार्यक्रमांना आरंभ केला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हापासून नियमित प्रसारण सुरू झाले. या कंपनीचा प्रक्षेपक वरळीला होता आणि त्याची शक्ती होती दीड किलोवॅट. तो मध्यम लहरींवर चाले. मध्यम लहरी म्हणजे साधारणपणे दोनशे ते सहाशे मीटर लांबीच्या विद्युत्-चुंबकीय लहरी; त्यांवर आवाज चढवण्याची जी रीत त्या काळी रूढ होती आणि आजही आहे, तिला एएम म्हणतात. या रीतीत प्रक्षेपक एका ठरावीक कंप्रतेची अखंड लहर निर्माण करतो, तिला वाहक लहर म्हणावे, आणि गायकाच्या किंवा निवेदकाच्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे त्या लहरीची उंची, म्हणजे तिचा आयाम, कमीजास्त केला जातो. घरातला रेडिओ या उंचीतला चढउतार तेवढा वेगळा काढतो आणि कर्ण्यातून ऐकवतो. या रीतीतला संच स्वस्तात बनतो, आणि एएम गरिबांच्या घरांपर्यंत पोहोचले याचे मोठे श्रेय या सोपेपणाला द्यावे लागते.

वरळीच्या केंद्राची परिणामकारक कक्षा सुमारे ४८ किलोमीटर मानली जाई, आणि कल्याणचा परिसर वरळीपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. पुढे ज्या माळावर उल्हासनगर वसले तो माळ १९२७ मध्येच मुंबईच्या आवाजाच्या अगदी सीमेवर येऊन उभा होता, मात्र तो आवाज ऐकायला तेथे वस्ती नव्हती. कंपनीची अडचण याहून मोठी होती. परवाना काढून संच बाळगावा असा कायदा होता, परवान्याचे वार्षिक शुल्क दहा रुपये होते आणि त्यातील मोठा वाटा हेच कंपनीचे मुख्य उत्पन्न होते. पण १९२७ अखेर देशभरात मिळून साडेतीन हजारांच्या आसपास आणि १९२९ अखेर पावणेआठ हजारांच्या आसपास परवाने निघाले. या उत्पन्नावर मुंबई व कलकत्ता ही दोन केंद्रे चालवणे अशक्य होते. मार्च १९३० मध्ये कंपनी अवसायनात गेली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने ती चालवायला घेतली. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनेही हे काम बंद करण्याचे ठरवले होते. जनमताच्या रेट्यामुळे तो निर्णय पुढच्याच महिन्यात फिरवावा लागला. ८ जून १९३६ रोजी या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. त्याच वर्षी बीबीसीचे अभियंते एच. एल. कर्क यांनी देशाची पाहणी केली आणि त्यानंतर लघुलहरींवर भर देण्याचे धोरण स्वीकारले गेले, कारण उष्ण कटिबंधातील वातावरणाचा खरखराट आणि देशाचा विस्तार या दोन्ही गोष्टी मध्यम लहरींना प्रतिकूल होत्या. त्या धोरणानुसार फेब्रुवारी १९३८ मध्ये मुंबईचा लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाला. मध्यम लहरींचे केंद्र मात्र शहर आणि त्याच्या भोवतालच्या मुलखासाठी कायम राहिले, कारण जवळच्या अंतरावर दिवसभर स्थिर आवाज देण्यात त्याची बरोबरी लघुलहरींना करता येत नव्हती.

स्वतः मनोऱ्याची कुळकथाही याच काळात घडत होती. प्रारंभीच्या केंद्रांवर दोन उंच खांबांमध्ये तार ताणून तिलाच लहरी सोडायला लावीत. खांब केवळ आधारापुरते असत. स्टुअर्ट बॅलंटाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये दाखवून दिले की उभ्या एरियलची उंची लहरीच्या लांबीच्या अर्ध्याहून किंचित जास्त ठेवली, तर शक्ती आकाशाकडे वाया न जाता जमिनीलगत अधिक पसरते. यातून तारेऐवजी संपूर्ण पोलादी मनोराच एरियल म्हणून वापरण्याची कल्पना पुढे आली आणि १९३०च्या दशकात ती जगभर रुजली. असा मनोरा जमिनीला विजेच्या दृष्टीने टेकत नाही. त्याचे सगळे वजन पायथ्याशी एका चिनी मातीच्या विसंवाहकावर, म्हणजे वीज अडवणाऱ्या बैठकीवर, पेललेले असते आणि त्याला धरून ठेवणारे पोलादी ताणही ठिकठिकाणी अशाच विसंवाहकांनी तोडलेले असतात. मनोऱ्याइतकाच महत्त्वाचा भाग जमिनीखाली दडलेला असतो. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर पायथ्यापासून चहूबाजूंना सुमारे १२० तांब्याच्या तारा पुरण्याची पद्धत प्रमाण मानली गेली. मनोऱ्यातून गेलेला प्रवाह जमिनीतून परत यावा लागतो. या तारा त्याला वाट देतात, आणि त्या नसतील तर शक्तीचा मोठा हिस्सा माती तापवण्यात संपतो.

म्हणूनच मध्यम लहरींचे केंद्र टेकडीवर उभारत नाहीत. दूरदर्शन किंवा एफएमचा मनोरा जितका उंचावर तितका चांगला. मध्यम लहरींच्या मनोऱ्याला सपाट, ओली आणि शक्य तर खारी जमीन लागते. समुद्राच्या पाण्यातून वीज जितक्या सहज वाहते तितकी ती कोरड्या खडकाळ जमिनीतून वाहत नाही, आणि हा फरक हजारपटींच्या घरातला आहे. दाट वस्तीच्या शहरात शंभर किलोवॅटच्या प्रक्षेपकाला लागणारी मोकळी जागा मिळणे शक्य नव्हते, आणि मालाडच्या पश्चिमेची खारजमीन शहरापासून अलग, सपाट आणि भरती-ओहोटीने सदैव ओली होती. मुंबईच्या मध्यम लहरी तेथून प्रक्षेपित होऊ लागल्या यामागे असा भक्कम भौतिक तर्क आहे. या जागेची निवड ही मुंबईच्या प्रसारण-इतिहासातील सर्वांत दूरगामी तांत्रिक गोष्ट होय. कार्यक्रमांच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या, पण ते कार्यक्रम कल्याण-बदलापूरपर्यंत नेले त्या खाऱ्या मातीने.

राहिली लहरीची लांबी. मुंबई 'ब', म्हणजेच पुढची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झवर ऐकू येत असे आणि त्या लहरीची लांबी ५३७ मीटर भरते. मुंबईचीच १०४४ किलोहर्ट्झची लहर २८७ मीटरची, तर विविध भारतीची ११८८ किलोहर्ट्झची लहर २५२ मीटरची. (या तिन्ही आकड्यांना नऊने पूर्ण भाग जातो, कारण नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, आफ्रिका आणि युरोपातील मध्यम लहरींची केंद्रे आंतरराष्ट्रीय करारानुसार नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवण्यात आली.) इतक्या लांब लहरी जमिनीचा पृष्ठभाग धरून चालतात आणि वाटेतील डोंगराच्या कडेने वळून त्याच्या पलीकडे उतरतात. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची असते. तिला डोंगराची सावली पडते. या फरकामुळेच येऊरच्या डोंगरांपलीकडचा कॅम्प नंबर एक, आणि त्याच्याही पुढे मलंगगडाच्या रांगेजवळचे अंबरनाथ व बदलापूर, मालाडच्या मनोऱ्याच्या कक्षेत आले.

या कक्षेत वस्ती आली ती फाळणीने. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीतील दोन हजारांवर बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग मात्र कॅम्प नंबर एक ते पाच असेच ओळखले जात राहिले. प्रसारणाच्या इतिहासात या स्थलांतराला एक वेगळा अर्थ आहे. फाळणीच्या वेळी ऑल इंडिया रेडिओची नऊ केंद्रे होती. त्यांपैकी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली ही सहा भारताकडे राहिली, तर लाहोर, पेशावर व ढाका ही तीन पाकिस्तानकडे गेली. या नवांत सिंधचे एकही केंद्र नव्हते. कराचीचे रेडिओ केंद्र ऑगस्ट १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा कल्याणच्या बराकी भरून गेल्या होत्या. छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी स्वतःच्या प्रांताचे केंद्र कधी ऐकलेच नव्हते. जवळचे म्हणता येईल असे पहिले केंद्र त्यांना निर्वासित झाल्यावर मिळाले, आणि ते मुख्यतः मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारे होते. पुढे मुंबईच्या कार्यक्रमांत सिंधीलाही जागा मिळाली. भूमी गमावलेल्या भाषेला कंप्रतेवर मिळालेली ही जागा लहान होती, पण तिचे मोल मोठे होते. सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश १९६७ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे ते अधिक ठसते.

प्रक्षेपणाची दुसरी बाजू ग्रहणाची. व्हॉल्व्हच्या संचाला घराबाहेर किंवा छताखाली ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियलपट्टी लागे, विजेची जोडणी लागे आणि टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण केलेले परवान्याचे पुस्तक लागे. ही परवानापद्धत १९८०च्या दशकात संपुष्टात आली. ट्रान्झिस्टर आल्यावर एरियलची पट्टी गेली आणि तिच्या जागी संचाच्या आत तारेचे वेटोळे गुंडाळलेला फेराइटचा काळा दांडा आला. हा दांडा आपल्या लांबीशी काटकोन करून येणारी लहर उत्तम पकडतो आणि टोकाच्या दिशेने येणारी जवळजवळ पकडतच नाही. मालाड उल्हासनगरच्या पश्चिमेला असल्याने दांडा दक्षिणोत्तर राहील असा संच ठेवला म्हणजे आवाज भरदार येई, आणि लोकलच्या ओव्हरहेड तारेवर उडणाऱ्या ठिणग्यांची खरखर संच थोडा फिरवून कमी करता येई. उल्हासनगरच्या कारागिरांनी हे तंत्र हातात मुरवले. सुटे भाग जुळवून नवा माल तयार करण्याबद्दल या गावाची ख्याती झाली, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन अशी थट्टाही लोकांत रूढ झाली. त्या थट्टेत निर्वासितांच्या हुन्नराची कदर झाली नाही, हा अन्याय आहे. सर्वस्व मागे टाकून आलेल्या समाजाने एका पिढीच्या आत उभे केलेले हे कौशल्य होते.

श्रोत्यांच्या आवडीचा वाटा मात्र एकट्या मुंबईकडे नव्हता. 'पुन्हा प्रपंच'सारखी श्रुतिका आणि कामगारांसाठीचे कार्यक्रम मुंबईचे. पण १९५०च्या दशकारंभी आकाशवाणीने चित्रपटगीतांना आखडता हात घेतल्यावर श्रोते रेडिओ सिलोनच्या लघुलहरींकडे वळले. अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जाई आणि तेथून वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आपटून परत येई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून सुरू झालेली तिची जाहिरातसेवा यांनी हे श्रोते पुन्हा मध्यम लहरींवर आणले.

मध्यम लहरींचे दिवस आता सरत आले आहेत. घराघरांतील विजेची उपकरणे त्यांच्यात खरखर मिसळतात, हातातल्या फोनमध्ये तो बँडच नसतो, आणि महानगरातील विस्तीर्ण मोकळ्या जागेवर सर्वांचीच नजर असते. या मनोऱ्याचा इतिहास अजून लिहिला जाऊ शकतो. त्यासाठी प्रक्षेपण केंद्रांवर पाळीने काम केलेल्या अभियंत्यांच्या नोंदवह्या, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या घरांत पडून असलेली परवान्याची पुस्तके व बंद संच यांचे जतन व्हायला हवे. ज्यांच्याकडे ही साधने आहेत त्यांनी ती रद्दीत घालू नयेत आणि जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे नोंदवून द्यावीत.